जाताना उतार, येताना उतार

तुमचा विश्वास बसणार नाही, तेव्हा तो बसवण्याच्या खटपटीला मी लागतच नाही. पण मरोळच्या अंगाला एक रस्ता असा होता की, त्याला जाताना उतार होता आणि त्याच रस्त्यानं परत येताना पुन्हा उतारच होता. चढ नावाची भानगड त्या रस्त्याच्या पत्रिकेतच नव्हती. भूगोल शिकवणाऱ्या एका मास्तरांना मी हे सांगितलं, तर त्यांनी हातातली नकाशाची गुंडाळी माझ्या डोक्यात घातली. आता पृथ्वी एका जागी वेडीवाकडी वागली तर त्यात माझ्या डोक्याचा काय दोष?

"आजोबा, दोन्हीकडून उतार कसा असेल?" अनंत म्हणाला. हा अनंत आमच्या शेजारचा. रोज संध्याकाळी ओट्यावर गोष्ट ऐकायला येतो आणि गोष्ट सुरू होण्याआधीच तिची तपासणी सुरू करतो.

"गप बस," मी म्हणालो. "त्याच रस्त्यावर गुणाजी धुरीनं घर घेतलं. ते कसं घेतलं तेच सांगतोय."

त्रेपन्न-चोपन्न सालचा सुमार. गुणाजी मरोळच्या एका बालद्यांच्या कारखान्यात फिटर होता. आधी गिरणीत होता, पण गिरणीतल्या आवाजानं आपला गोड गळा खराब होईल म्हणून तो बालद्यांकडे वळला. बालद्या ठोकण्याचा आवाज गिरणीपेक्षा मोठा असतो हे त्याला तिथं गेल्यावर कळलं. माणूस मात्र लाखात एक. दिसायला राजबिंडा, बोलायला चतुर, आणि बुद्धी अशी की साहेबसुद्धा त्याला विचारल्याशिवाय शिंकत नसे.

(आत कोणीतरी तांदूळ पाखडत होतं. सुपाचा आवाज इथं एकदम थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा जोरात.)

तर गुणाजीकडे एक हिरवी सायकल होती. त्याचा सासरा बोटीवर खलाशी होता. त्यानं ती कुठल्याशा परमुलखातून आणून लग्नात जावयाला दिली. त्यामुळे सायकल जावयाची असली तरी मान सासऱ्याचा. गुणाजीची बायको सुलक्षणा ती पुसताना डोक्यावरून पदर घ्यायची. गुणाजीनं एकदा चिडून सायकलीला लाथ मारली, तर सुलक्षणानं दोन दिवस त्याच्या आमटीत मीठ घातलं नाही. "माझ्या बापाशीक लाथ मारलात," म्हणाली.

नवरा-बायको कुर्ल्याला, थोरला भाऊ धाकू याच्या खोलीत राहत. धाकूचा मुलगा लग्नाला आला. मुलगी ठरली, आणि एका सकाळी चहा पिता पिता धाकू म्हणाला,

"गुणाजी, तुळशीचं लग्न झालं की आपल्या घरचा बार उडवायचा."

"उडवा की. मी शर्ट शिवून ठेवलाय."

"शर्ट नको शिवूस रे. घर बघ. नव्या सुनेला झोपवू कुठं? तुझ्या सायकलीवर?"

आता घर बघायचं झालं की चारचौघं पाणी बघतात, शेजार बघतात, भाजीबाजार किती लांब ते बघतात. गुणाजी मालकाला पहिला प्रश्न विचारी, "इथून मरोळला सायकलनं जाताना चढ किती?" मालक त्याच्याकडे बघत आणि दार लावून घेत. पण गुणाजीचाही नाइलाज होता, कारण मधल्या काळात त्यानं कारखान्यात एक पैज मारून ठेवली होती.

झालं होतं असं. त्याच्या शेजारच्या यंत्रावर जयवंत नावाचा गडी होता. गुणाजीच्याच गावचा, पण ओढ्यापलीकडच्या वाडीतला, म्हणजे जन्मजात वैरी. जयवंतची मिशी इतकी रुंद होती की कारखान्याच्या दारातून आत येताना तो जरा तिरका व्हायचा. एके दिवशी गुणाजी कुर्ल्याहून घामाघूम होऊन आला तेव्हा जयवंत सगळ्यांसमोर म्हणाला,

"काय गुणाजी, सायकल तुला आणते की तू सायकलला आणतोस?"

सगळे हसले. गुणाजीला राग आला. आणि राग आला की त्याची जीभ त्याच्या आधी धावायची.

"बघत राहा. घर घेईन तर असं घेईन की घरून कारखान्यात आणि कारखान्यातून घरी, सायकलवरून खाली उतरणार नाही. पाय जमिनीला लावणार नाही!"

"आणि उतरलास तर?"

"तर सायकल तुझी! नाही उतरलो तर?"

"तर ही मिशी काढीन," जयवंतनं मिशीवरून हात फिरवला. त्याला उजवीकडून डावीकडे पोचायला बराच वेळ लागला. "नव्या घरातून येशील त्या पहिल्याच दिवशी बघू. जाऊन दाखव, येऊन दाखव."

घरी येऊन गुणाजीनं ही मर्दुमकी सुलक्षणाला सांगितली. ती भाकरी थापत होती. तिनं भाकरी तशीच परातीत ठेवली.

"माझ्या बापाशीची सायकल पैजेर लावलात?"

"अगं, हरणार थोडाच—"

"ती गेली तर मी पण तिच्या मागसून माझ्या बापाशीकडे जातलंय. मगे सायकलवरनं उतरा, नायतर झाडावरनं उतरा. माझा काय जाता!"

म्हणजे आता राहायला जागा नाही, पैज हरली तर सायकल नाही आणि सायकल नाही तर बायको नाही. तीन संकटं एकाच सीटवर. सुलक्षणानं आणखी एक अट घातली. कुठलंही घर पसंत करायच्या आधी तिथून कारखान्यापर्यंतचा रस्ता सायकलनं तपासायचा आणि तपासताना ती मागच्या कॅरिअरवर बसणार. "माका बघूचा आसा, बापाशीच्या सायकलीचे हाल होतत की नाय."

पहिलं घर बघितलं बोरीवलीला. सुलक्षणाची बहीण मालन तिथं राहायची, तिनंच ते शोधलं होतं. घर चांगलं, रस्ता सपाट तळहातासारखा. घोडबंदर रोडनं जाताना सकाळी दोघं गाणी म्हणत गेली. पण संध्याकाळी परत फिरली आणि समुद्राचा वारा सुटला, तो नेमका समोरून. सुलक्षणाच्या डोळ्यांत धूळ जायला लागली म्हणून तिनं छत्री उघडली. झालं! वाट लागली. गुणाजी पुढे पेडल मारतोय आणि सायकल मागे चाललीय. कांदिवली आली, गेली. गुणाजीनं जोर केला, पुन्हा कांदिवली आली. त्या दिवशी दोघांना कांदिवली तीनदा लागली, तीही उलटी. एक गवताची बैलगाडी त्यांना ओलांडून पुढे गेली तेव्हा बैलांनी तोंड फिरवून घेतलं. जनावराला पण दुसऱ्याची लाज राखता येते.

"आजोबा, वाऱ्यानं दोन माणसांसकट सायकल मागे जाईल?" अनंत म्हणाला.

"सुलक्षणा तेव्हा बारीक होती," मी म्हणालो.

(सूप थांबलं.)

"म्हणजे अजूनही आहे," मी जरा मोठ्यानं म्हणालो.

(सूप सुरू झालं.)

दुसरं घर घाटकोपरला. घरमालक म्हणाला, इथून मरोळला डोंगरातून कच्ची वाट आहे, जवळची. जवळची होतीच. पण तो डोंगर असा उभा की, चढताना सायकलचं पुढचं चाक उठून गुणाजीच्या कपाळाशी बोलायला लागलं. माथ्यावर पोचेस्तोवर गुणाजीनं सगळ्या कुळदेवांना हाका मारून झाल्या होत्या, आणि मग लागला उतार. ब्रेक लावला, तर ब्रेक लागला. पण सायकलला वाटलं तो दुसऱ्या कुणासाठी लावलाय. सुलक्षणा मागून "थांबवा, थांबवा" म्हणतेय, आणि तिचे शब्दसुद्धा मागे राहतायत. कारखान्याच्या पुढच्या फाटकातून दोघं आत गेली, बालद्यांच्या ढिगामधून सरळ गेली आणि मागच्या फाटकातून बाहेर पडली. फाटकावरचा भय्या म्हणाला, "गुनाजी, आज जल्दी छुट्टी?" त्या दिवशी गुणाजीची गैरहजेरी लागली. आला होता हे सगळ्यांनी बघितलं होतं, पण थांबला नव्हता हेही सगळ्यांनी बघितलं होतं.

"ह्यात उतार आसा," सुलक्षणा पदर सावरत म्हणाली, "पण परत येताना तोच चढ आसा. तो कोण चढतलो? तुमचो जयवंत?"

सांताक्रूझलाही एक घर होतं. रस्ता झकास. पण वरून विमान गेलं आणि सुलक्षणानं आकाशाकडे बघितलं. "हे वाळत घातलेलं लुगडं घेऊन जातले," एवढंच म्हणाली आणि चालायला लागली.

दिवाळी आली तरी घर मिळेना. धाकूनं मांडवाचे बांबू आणून खोलीत ठेवले, तेही गुणाजी झोपायचा त्याच जागेवर. अशा वेळी कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर इसिडोर भेटला.

इसिडोर डिमेलो. पलीकडच्या गावठाणातला जुना ईस्ट इंडियन, म्हणजे इथलाच मूळचा ख्रिस्ती. भातशेती, कोंबड्या, थोडी भाजी, एक बैलगाडी आणि एक बायको व्हायोलेट, जी ह्या सगळ्यांवर हुकूम चालवायची. माणूस सरळ, शब्दाला पक्का. विचारलं तेवढंच बोलायचा आणि विचारलेलं बरोबर आहे की नाही ही जबाबदारी विचारणाऱ्यावर सोडायचा. त्याचं एक घर रिकामं होतं. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं विहीर. ते विकायचं होतं. गुणाजीनं चहाचा घोट घेतला आणि आपला नेहमीचा प्रश्न टाकला.

"इसिडोरभाऊ, तिकडून कारखान्यात यायचं तर वाटेत चढ लागतो?"

"चढ?" इसिडोर विचार करून म्हणाला. "चढ नाय बाबा. उतार हाय."

"म्हणजे येताना उतार."

"व्हय. येताना उतार."

गुणाजीनं खिन्नपणे मान हलवली. घाटकोपरनं त्याला शहाणं केलं होतं. "मग घरी जाताना काय?"

"जाताना पन उतार."

गुणाजीनं हातातली बशी खाली ठेवली. "दोन्हीकडून?"

"मग? येताना उतार नि जाताना काय पूल व्हनार?" इसिडोरला ह्या माणसाची कीव आली. "उतार तो उतारच. माजे आजोबा तितूनच जायचे, बापूस तितूनच जायचा. आमचे बैल पन तितूनच जातात."

शेजारी जयवंत चहा पीत होता. त्याला ठसका लागला. मिशीतून चहा गाळून तो हळूच म्हणाला, "मग घेऊन टाक गुणाजी. असं घर पुन्हा मिळायचं नाही. पैज आहे ना अजून?"

"आहे म्हणजे? मिशीला शेवटचं तेल लावून ठेव!"

जयवंत गालातल्या गालात हसला. आता एवढा हुशार गुणाजी, पण त्या हसण्याकडे त्यानं बघितलं नाही. कारण त्याच्या डोळ्यांसमोर तो रस्ता होता: इकडूनही घसरत जाणारा, तिकडूनही घसरत येणारा.

"पण इसिडोरनं 'पूल' म्हटलं होतं ना?" अनंत म्हणाला.

"म्हटलं होतं. पण माणसाला हवं ते कानात शिरलं की मागून येणाऱ्याला जागा राहत नाही."

रविवारी चर्च सुटल्यावर इसिडोर बैलगाडी घेऊन कुर्ल्याला आला आणि दोघांना घर दाखवायला घेऊन गेला. आता इथं गाव समजून घ्या. कुर्ल्याहून जाताना ते घर अलीकडे पडायचं, आणि कारखाना त्याच्याही पलीकडे. त्यामुळे बैलगाडी थेट दारात पोचली, वाटेत काही आडवं आलं नाही. घर बघून सुलक्षणाचा चेहरा उजळला. विहिरीचं पाणी गोड होतं. अंगणात इसिडोरच्या आजोबांनी उभा केलेला क्रूस होता. तिनं विचारलं, "ह्याच्या बाजूक तुळस लावली तर चलात?" व्हायोलेट म्हणाली, "लाव गं. त्याला एकट्याला कंटाळाच येतो."

गुणाजीनं ओट्यावर उभं राहून विचारलं, "आणि कारखाना?"

इसिडोरनं बोट दाखवलं. ताडांच्या मागे कारखान्याचं धुराडं दिसत होतं. इतकं जवळ, की ओट्यावरून खाकरलं तर फोरमनला ऐकू जावं. "ती पायवाट दिसते? तीच. खाली उतार हाय."

विहिरीच्या गोड पाण्यापुढे सुलक्षणाही रस्ता तपासायची अट विसरली, आणि गुणाजीनं त्याच पावली विसार दिला. तुळशीच्या लग्नाआधी बिऱ्हाड हललं. धाकूनं बांबू उचलून मांडव घातला, आणि सोमवारी सकाळी गुणाजी नव्या घरातून पहिल्यांदा कामाला निघाला. सुलक्षणानं सायकलला हळदकुंकू लावलं, हँडलला झेंडूची माळ घातली. गुणाजी सीटवर बसला, पाय उचलले, आणि सायकल आपणहून चालायला लागली. उतार! काय तो उतार! लोण्यावरून सुरी फिरावी तशी सायकल निघाली. गुणाजीनं दोन्ही हात सोडले. गळा गोड होताच, गाणं सुरू केलं.

ताडांची रांग संपली, वाट वळली, आणि समोर नदी आली.

आता तुम्ही गावाकडचे असाल तर तुमच्या आधीच लक्षात आलं असेल. नदीत जिथं पाणी उथळ असतं, जिथून माणसं आणि गुरं पायी पार होतात, त्या जागेलाही उतारच म्हणतात. इसिडोरनं एक शब्द खोटा सांगितला नव्हता. येताना उतार, जाताना उतार. आणि पैज होती न उतरण्याची.

पलीकडच्या काठावर जयवंतनं अख्खी पाळी आणून उभी केली होती. भोंग्याला अवकाश होता. सगळे बालदीवाले उपड्या बालद्यांवर बसून होते, पहिल्या रांगेत फोरमन. गुणाजीला बघताच जयवंत ओरडला, "ये रे राजा! उतार आला, आता उतर!"

गुणाजीला थांबता आलं असतं. पण थांबायचं म्हणजे पाय टेकायचा. पाय टेकला की सायकल गेली, आणि सायकलच्या मागसून सुलक्षणा. मग त्यानं काय केलं? त्यानं घंटी वाजवली आणि सायकल सरळ पाण्यात घातली.

पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं. गुणाजी पेडल मारतोय. मासे बाजूला होतायत. आणि नदीच्या ऐन मध्यावर पुढचं चाक दोन धोंड्यांच्या मध्ये गच्च बसलं. सायकल उभी. गुणाजी सीटवर. पाय पेडलवर. हँडलवर झेंडू.

"उतर!" जयवंत ओरडला.

"नाही उतरणार!"

"पाय पाण्यात आहेत तुझे!"

"जमिनीला लावणार नाही म्हटलं होतं! पाणी म्हणजे जमीन आहे काय?"

ह्यावर पलीकडे फोरमनपर्यंत वाद सुरू झाला. अर्धे म्हणाले, पाण्याच्या खाली जमीन असतेच. अर्धे म्हणाले, मग बोटीत बसलेला माणूस जमिनीवर आहे म्हणायचं का? तेवढ्यात अलीकडच्या काठावर इसिडोर धावत आला.

"अरे बाबा, उतर ना! हाच उतार हाय! इतं सगले उतरतात!"

"तू गप! तुझ्या उतारानंच मेलो!"

"मी काय केला? तू इचारलास, मी सांगितला!"

आणि त्याच वेळी विसरलेला डबा घेऊन सुलक्षणा आली. तिनं नदी बघितली, नवरा बघितला, समोर मिशी बघितली आणि तिला सगळा मामला कळला.

"उतरू नकात!" ती गरजली. "माझ्या बापाशीची सायकल आसा ती! खबरदार खाली पाय टाकलात तर!"

एका काठावरून "उतर", एका काठावरून "उतरू नकात", आणि मध्ये इसिडोर "उतार, उतार" करतोय. भोंगा व्हायची वेळ झाली. फोरमन उठला. आता गुणाजी उतरला तर सायकल जाणार, न उतरला तर दिवस जाणार. अशा वेळी सुलक्षणानं डबा खाली ठेवला, पदर खोचला, हात जोडले आणि आकाशाकडे बघून खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा वेतोबा म्हाराजा!"

आता कारखान्यातली बहुतेक माणसं कोकणातली. आणि कोकणातल्या माणसाला झोपेत जरी गाऱ्हाणं ऐकू आलं तरी त्याचं तोंड आपोआप उघडतं. पलीकडच्या काठावरचे सगळे बालदीवाले उभे राहिले, वहाणा काढल्या आणि एका सुरात म्हणाले,

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या माझ्या घोवान इचार न करता नदीत सायकल घातल्यान हा—"

"व्हय म्हाराजा!"

"तेका अक्कल देताना तुझो हात आखडलो, ता तुका पण ठावक आसा—"

"व्हय म्हाराजा!" हे जरा जास्तच उत्साहानं झालं.

"पण सायकल माझ्या बापाशीची आसा, ती कोणाच्या हातात जाव नको—"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण मिशीवालो तिच्यार वायट नजर ठेवता, तेची मिशी उद्या तेच्या तोंडार दिसाक नको!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज जयवंतचा. सवयीचा माणूस! तोंडातून शब्द गेला आणि मग त्याचे डोळे गरगरीत झाले. पण देवासमोर दिलेला होकार परत घेता येतो होय? फोरमन म्हणाला, "जयवंत, आता देव साक्षीला आहे." इसिडोरनंही आपल्या बाजूनं क्रुसाची खूण करून घेतली, म्हणजे दोन्हीकडचा बंदोबस्त झाला.

आणि मंडळी, देव धावला. आता तो वेतोबा की इसिडोरचा, ते त्यांनी आपसात ठरवावं. वरच्या तबेल्यातल्या म्हशी रोज सकाळी नदी पार करून पलीकडे चरायला जायच्या. त्यांची आणि कारखान्याची पाळी एकच. तो काळा तांडा पाण्यात उतरला. सगळ्यांत पुढची, हत्तिणीएवढी म्हैस नेमकी गुणाजीच्या सायकलीखाली डुबकी मारून गेली आणि वर आली ती सायकल पाठीवर घेऊनच. चाक धोंड्यांतून सुटलं. म्हैस चालायला लागली. वर सायकल, सायकलवर गुणाजी. पेडल मारतोय, घंटी वाजवतोय, हँडलवर झेंडू. जसा काय इंद्र!

"आजोबा!" अनंत उठून उभाच राहिला. "म्हशीच्या पाठीवर सायकल? पडली नाही?"

"म्हैस जाफराबादी होती. तिची पाठ म्हणजे घोडबंदर रोड, आणि वारा मागून."

म्हैस काठ चढली. चढ चढली ती म्हैस, गुणाजी नव्हे, हे फोरमननं सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं. फाटकावर भय्यानं विचारलं, "भैंस का पास?" गुणाजी म्हणाला, "माझ्याबरोबर आहे." भोंगा झाला आणि गुणाजी वेळेवर हजर. दिवसभर सीटवरून हलला नाही. यंत्रापाशी सायकल लावून वरूनच बालद्या ठोकल्या. संध्याकाळी म्हशी परत निघाल्या, त्यांच्याबरोबर तोही सायकलसकट त्याच म्हशीच्या पाठीवरून निघाला. पलीकडचा काठ उतरला तो उतार. मग नदी, तोही उतार. घरी ओट्यापाशी येऊन थेट ओट्यावर पाय ठेवला. जमिनीला नाही!

दुसऱ्या दिवशी जयवंतनं मिशी काढली. त्याच्या बायकोनं त्याला घरात घेतलं नाही, कोण परका पुरुष आलाय म्हणून आरडाओरडा केला. कारखान्याच्या दारातून तो आता सरळ यायला लागला, तरी सवयीनं तिरका व्हायचा. सायकल घरी राहिली, सुलक्षणा घरी राहिली, आणि गुणाजी पुढं बरीच वर्षं रोज त्याच रस्त्यानं, एकदाही न उतरता—

आतलं सूप थांबलं. ह्या खेपेला ते पुन्हा सुरू झालं नाही. ते हातात घेऊन सुलक्षणाच दारात आली. पदर खोचलेला, केसांत तांदळाचा कोंडा.

"मगासपासून गुणाजी, गुणाजी काय लावलात हो? मी इतक्या वर्षांत एकदा तुमचा नाव घेवक नाय, आणि तुम्ही आपलाच घेवन दळतात!" ती म्हणाली. अनंतनं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आणि काय हो, एकदाही उतरलात नाय ना? मगे जयवंतभावजी काल बाजारात गेले, ते मिशयेक पीळ देत, माझ्या बापाशीच्या हिरव्या सायकलीर बसून कसे गेले?"